आठ बॅटऱ्यांचं पाणी

"बाई, असाल तशा या! माझी मोटार मारली त्यानं!"

कोंडाजीचा फोन. दसऱ्याला दोन दिवस झाले होते, साल २००३. मखमलाबादला विजेवर चालणारी मोटारगाडी तेव्हा एकच, कोंडाजीची. गुलाबाच्या मळ्यातून ती आवाज न करता निघाली की माणसं बांधावर उभी राहून बघत. प्रतिभाबाई आयटीआयमधून वायरमनचे वर्ग घेऊन निवृत्त झालेल्या; रिकामपण त्यांना खायला उठे. त्यांनी रिक्षा केली.

शेडमध्ये पोपटी मोटार उभी, आणि तिची देखभाल करणारा वाल्मीक तिच्याहून मेलेला.

"रात्रभर हळू चार्ज करायची गाडी यानं गॅरेजच्या मोठ्या चार्जरला लावली," कोंडाजी तापला होता. "बॅटऱ्या भाजल्या! अंबडच्या कंपनीत मीच याची शिफारस केली. आता हे ऐकून तिथले साहेब म्हणतात, पाचपर्यंत खात्री करून सांगा, नायतर दुसरा माणूस घेतो."

पावणेचार झाले होते.

"वाल्मीक, लावला होतास?"

"एकदाच, बाई. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, तासभर. यांनाच फुलं पोचवायची घाई होती. नंतर नऊ दिवस मी अंबडलाच होतो, कामाची परीक्षा चालू होती."

"बघा, कबूल झाला!"

"कोंडाजी, त्या नऊ दिवसांत चार्जिंगला कोण लावत होतं?"

"मीच. रोज झोपताना पिन खोचायची, एवढंच."

"पाणी कोणी घातलं?"

"कोणीच नाय. याचं डिस्टिल्ड पाणी ते बघा कोपऱ्यात. कॅनचं सीलसुद्धा शाबूत हाय."

बाईंनी सीट उचलली. आठ बॅटऱ्या. झाकणं उघडली, तर पाणी काठोकाठ. खालचा पत्रा ओला, गंजलेला, वर पांढरी खपली. त्यांनी आम्ल मोजायची काचनळी बुडवली. आतला तरंगता काटा तळाला गेला. दुसरीतही तेच. आठवीतही तेच.

कोंडाजीची आई, आक्काबाई, चहा घेऊन आली. घटस्थापनेला घेतलेलं हिरवं लुगडं, पण पदराला बारीक भोकं.

"आक्का, नव्या लुगड्याला भोकं?"

"उंदरं मेली! दुसरं काय?" कप बशीत वाजला.

बाईंनी पदर दोन बोटांत धरला. कापड चुरून हातात आलं. वाल्मीक सारखा घड्याळाकडे बघत होता.

"कोंडाजी, जोराच्या चार्जिंगनं बॅटरी तापते, पाणी उडतं, पातळी खाली जाते. इथं पातळी वर आहे. म्हणजे कोणीतरी रोज पाणी भरलं. रात्री चार्जिंगला ते उसळायचं आणि आम्ल घेऊन बाहेर सांडायचं. सकाळी पुन्हा पाणी. शेवटी आत आम्ल उरलंच नाही, म्हणून काटा तळाला गेला. कॅन तर सीलबंद. मग सांग, नवरात्रात घरात रोज नेमानं पाणी कशाला घालतात?"

"घटाला," कोंडाजी म्हणाला आणि आईकडे वळला.

"उंदीर कडा कुरतडतो. ही भोकं गोल आहेत आणि कापड पिठासारखं झालंय. आम्लाचे शिंतोडे. वाल्मीकच्या शर्टाला बघ, तसेच आहेत."

आक्काबाई खाली बसली.

"वाल्मीकला गाडीत पाणी घालताना बघितलं होतं. नवी लक्ष्मी दारात आलेली. रामकुंडावरनं गंगेचं पाणी आणून घट शिंपायचे, तसं तिलाबी पाजलं. नऊ दिवस."

"आणि गप्प बसलीस? ह्या पोराला मी चार माणसांत नाय नाय ते बोललो!"

"गंगेच्या पाण्यानं वाटोळं झालं, हे कोणत्या तोंडानं बोलू रं?"

"गंगा काय करील, आक्का?" बाई हळूच म्हणाल्या. "इतकं पाणी कुठलंही असतं, तरी हेच झालं असतं."

पाचला दहा कमी होते. कोंडाजी फोनकडे धावला, नंबर फिरवला. आक्काबाईनं रिसीव्हर त्याच्या हातातून काढून घेतला.

"साहेब, मी कोंडाजीची आई. वाल्मीक बिनदोष हाय, त्याला ठेवा. बॅटरीत पाणी मी वतलं." पलीकडून काही विचारलं गेलं. तिनं डोळे मिटले.

"गंगेचं, साहेब."