गोमाश्यांची दुपार

वळणावर तो अचानक रस्त्याच्या मधोमध आला आणि मी करकचून ब्रेक दाबला.

"मरायचंय का?" काच खाली करून मी ओरडले.

"जनावरांच्या दवाखान्याची गाडी ना ही? डॉक्टर कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे... तिथे कुणी म्हातारे डॉक्टर लपलेत की काय! एरवी मी चांगलं सुनावलं असतं. पण त्याच्या दोन्ही तळहातांवर रक्त होतं.

"माझं नाही," तो म्हणाला. "घोडीचं आहे. चला — लवकर चला!"

तो घोडे पाळायचा, लोकांना घोडेस्वारी शिकवायचा. नदीकाठी उतरता उतरता एवढंच कळलं. खाली दलदलीत जुनं तारेचं कुंपण पडलं होतं आणि तांबूस घोडीचा मागचा पाय त्यात अडकला होता. ती स्थिर उभी राहिली असती तर काम सोपं होतं. पण अंगावर गोमाश्या तुटून पडल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, कातडी चिरून रक्त पिणाऱ्या. एक चावली की घोडी लाथ झाडायची, आणि दर लाथेला तार मांसात आणखी खोल जायची.

भुलीचं औषध अर्ध्याच मात्रेएवढं उरलं होतं. ते टोचलं. तिची मान जराशी खाली आली, पण पाय उडतच राहिला.

"डोळे आणि कान झाकायला हवेत," मी म्हटलं. "तिथेच जास्त बसतायत."

एवढ्या उकाड्यातही त्याने जाड, पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता. तो क्षणभर थांबला. मग भराभर शर्ट काढून त्याने घोडीच्या डोक्याला गुंडाळला. एका हातात लगाम धरला आणि दुसऱ्या हाताने झुडपाची पानांनी भरलेली फांदी मोडून घेतली.

मी पक्कड घेऊन चिखलात आडवी झाले.

"शांत हो, बाई. झालंच आता."

"मी शांतच आहे."

"तुम्हाला नाही हो... हिला म्हणतोय."

हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. पहिली तार तुटली. दुसरी ओली होती, पक्कड निसटत होती. तेवढ्यात मनगटावर गोमाशी बसली. दिसत होती, पण हात हलवता येत नव्हता. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच क्षणी थंड पानं माझ्या हातावरून, मानेवरून फिरली. तो वाकून माझ्यावर फांदी हलवत होता. माझ्यावरून उठलेल्या माश्या कुठे जातात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तिसरी तार तुटली, आणि खूर माझ्या कानाला वारा घालून गेला.

"सोडा ते! बाजूला व्हा!" त्याचा आवाज फाटला.

"एकच राहिलीय."

"डॉक्टर, ऐका माझं —"

"तुम्ही फांदी हलवा!"

खट्! तार तुटली. त्याने घोडीला पुढे ओढलं. ती लंगडत कोरड्या जमिनीवर गेली, उभी राहिली, फुरफुरली. मी उठून बसले आणि त्याची पाठ पाहिली. उघड्या पाठीवर बोट टेकवायला जागा नव्हती, इतक्या गांधी उठल्या होत्या. तो हसत वळला — आणि त्याचा ओठ एका बाजूने भलताच सुजलेला होता.

"थोडं... होतं असं," तो म्हणाला. आवाज घोगरा. श्वासातून शिट्टी.

"गाडीत बसा."

"तिची पट्टी —"

"ती उभी आहे. तुम्ही पडाल. बसा!"

घोडी झाडाला बांधली आणि गाडी भरधाव सोडली. हॉस्पिटल बारा मिनिटांवर होतं.

"बोलत राहा," मी म्हटलं.

"काय... बोलू?"

"काहीही."

"तुम्ही... चिडल्यावर... छान दिसता."

"हे सोडून काहीही!"

पण तो पुढे बोललाच नाही. डोकं काचेला टेकलं. त्या शेवटच्या तीन मिनिटांत मला वाटत होतं, तेच बोल रे बाबा. पुन्हा तेच बोल.

स्ट्रेचर आत गेलं. डॉक्टर बाहेर येऊन "वेळेत आणलंत" म्हणाले, तेव्हा कुठे मी दारापासून हलले. मग मी नदीवर गेले, घोडीला टाके घातले आणि तशीच चिखलाने माखलेली परत आले. वॉर्डच्या दाराशी त्याची ताई उभी होती.

"लहानपणापासून याला गोमाशी चावलेली बाधते," ती म्हणाली. "एकदा तर मरता मरता वाचलाय. म्हणून उन्हाळ्यातही पूर्ण कपडे घालतो. आज शर्ट का काढला, देव जाणे!"

मी तडक आत गेले. तो उशीला टेकून बसला होता. एक डोळा अजून मिटलेलाच.

"माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तरी? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? मेला असतास तू!"

'तू' तोंडातून निसटलं. ताईने घसा खाकरला, "फोन करून येते" म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

"शर्ट काढला तो घोडीसाठी," तो हळूच म्हणाला. "पण नंतर... तू खुराशी डोकं ठेवून पडली होतीस. तुला लाथ बसली असती तर..."

"तर काय?"

"अर्ध्या तासाची ओळख, हसशील मला. पण वाटलं — आता काही झालं, तर माझं जन्मभराचं काहीतरी जाईल."

मला हसू आलं नाही. त्याच्या सुजलेल्या बोटांवर मी अलगद हात ठेवला. त्याने तो धरून ठेवला.

दार उघडून नर्स आत आली. "भेटायची वेळ संपली. तुम्ही पेशंटच्या कोण?"

त्याने एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "अजून... ठरायचंय," तो म्हणाला.

"ठरलंय," मी म्हटलं, आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली.