चंपाबाईंचा छान रिपोर्ट

डायलिसिस सेंटरच्या दारातच दोघांची टक्कर झाली. त्याच्या हातात स्ट्रॉ खोचलेलं शहाळं होतं. रचनानं ते सरळ काढूनच घेतलं.

"कुणाला पाजणार हे?"

"आईला. लई थकलीया ओ..."

"यात पोटॅशियम किती असतं, माहीत आहे? किडनी बंद पडलेल्या माणसाचं काळीज थांबेल अशानं! शहाळं म्हणे!"

तो ओशाळला, आणि मग... हसला. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून. रचनाला त्या हसण्याचा भयंकर राग आला. कडोलीला घरी पोचेपर्यंत तो काही उतरला नाही.

बेळगावच्या या सेंटरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून येऊन तिला आठच दिवस झाले होते. मायलेक पुढच्या खेपेला आले, तेव्हा तिनं त्याच्या आईची फाइल मुद्दाम काढली. चंपाबाई, मूळच्या निपाणीकडच्या. मुलगा वृषभ मच्छेच्या कारखान्यात, म्हणून त्याच्याकडे राहायला आलेल्या. आठवड्यातून तीनदा, दुपारी तीन ते सात मशीनवर. पोटॅशियम कमी, फॉस्फरस त्याहून कमी. किडनीच्या पेशंटला हे दोन्ही चढू नयेत, म्हणून शेजारी कुणीतरी कौतुकानं लिहिलं होतं — 'छान'.

छान कसलं डोंबलाचं! चार महिन्यांत वजन पाच किलो उतरलेलं, रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, घसरलेलं. बाई जेवतच नसतील, तर फॉस्फरस वाढणार कुठून?

तिनं वृषभला गाठलंच. "आईला जेवायला घालता की नाही?"

आता तो भडकला. "म्हंजे? दिवस मावळल्यावर आमच्यात खात न्हाईत. पण हितं पाचला उपमा देतासा न्हवं! खाऊन आले म्हणती ती."

"इथं मशीनवर चहासुद्धा देत नाही कुणाला, पोटात काही गेलं की बीपी पडतं! घरी जाऊन जेवते, असं त्या आम्हाला सांगतात."

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग दोघांनीही कॉटकडे पाहिलं.

चंपाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सकाळी मशीन लावलं तर ह्याची पहिली पाळी बुडती, बाई. पोराला कशाला घोर?"

"आई गं..." वृषभ तिच्या उशाशी टेकला.

रचनाला बाईंचा राग आला, त्याचाही आला. पण सगळ्यात जास्त संताप आला तो आपल्याच सेंटरचा. एका जैन बाईच्या हातात 'अंड्याचा पांढरा भाग खा' असा छापील कागद ठेवला, पण ती जेवते कधी, हे कुणी विचारलं नव्हतं!

तिनं चंपाबाईंसाठी सकाळची वेळ मागितली. "सकाळची वेळ रिकामी नाही," सेंटरचे मॅनेजर म्हणाले.

तिनं फाइल टेबलावर आपटली. "मग ते 'छान' खोडा. तिथं 'उपासमार' लिहा आणि खाली सही करा."

मॅनेजरनी फोन उचलला. संध्याकाळपर्यंत सांबऱ्याच्या एका पेशंटनं आपण होऊन वेळ बदलून दिली. वृषभनं दुसरी पाळी मागून घेतली.

मग सकाळी आई मशीनवर, आणि तो बाहेर बाकड्यावर. रचना दिसली की त्याला हटकून शंका यायची.

"मॅडम, मेथी उकळून पाणी टाकलं तर चालतंय?"

"चालतं. पण बेतानं."

"आन् पनीर?"

"मोजून. फॉस्फरसची गोळी जेवतानाच द्यायची." एवढं सांगायला तिला पाच मिनिटं का लागायची, कोण जाणे...

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. अल्ब्युमिन चढलं होतं. वजन दोन किलोनं वाढलं होतं. वृषभ कागदाकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होता.

"म्हंजे... आता तुमी माझ्यावर चिडणार न्हाय?"

"का? चिडलेली आवडते?"

"लई."

रचनाचे कान तापले. संतापात तिची कडोलीची बोली उसळून वर आली. "दोन म्हयनं! दोन म्हयनं मेथी न् पनीर इचारत बसलासा! ह्ये सांगायला काय झालतं?"

"भ्या वाटलं. तुमी मराठा, आमी जैन... घरचे काय म्हणतील?"

"घरच्यांशी मी भांडते. तुमी नुसतं माझ्या बाजूनं हुभं ऱ्हावा. ऱ्हाशीला?"

"ऱ्हातो," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात आतून चंपाबाईंची हाक आली, चांगली खणखणीत. "वृषभ, तिला घेऊन आत ये रं. भांडणं मागनं करा. मशीन सुटलं माझं, मला भूक लागलीया!"