ब्याण्णव किलो

या, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही, आणि मागच्यांना तर ऐकू गेलीच पाहिजे. हातातले फोन उपडे ठेवा. चित्त घटकाभर इकडे द्या, मग तुम्ही मोकळे.

एक ताई होती. वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे, हा तिचा धंदा. खाली दुकान, वर घर. दुकानातल्या लाकडी पेटीत, मखमलीच्या खोबणींत, खात्रीची वजनं मांडलेली असत. ती उघड्या हातानं उचलायची नाहीत. बोटांच्या घामानंही फरक पडतो, म्हणून फडक्यानं उचलायची. काटा खोटं बोलतो अशी कुणी तक्रार आणली, की ताई म्हणायची, "त्याला तोंड कुठाय खोटं बोलायला? तोंड माणसांना."

वर आप्पा, तिचे वडील. चाळीस वर्षं गोदामात पोती वाहिली आणि आता कमरेखाली जीव उरला नव्हता. रोज सकाळी त्यांना पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं काम ताईच्या धाकट्या भावाचं. धाकट्याला घरात धोंड्या म्हणत. पाळण्यातच तो इतका जड, की आत्या एका हातानं उचलायला गेली आणि मनगट मुरगाळून बसली. धोंड्या वाकायचा, आप्पा त्याच्या मानेभोवती हात टाकायचे, "उचल रे पोतं" म्हणायचे, आणि तो उचलायचा. तिथून घराचा दिवस सुरू व्हायचा.

धोंड्या जिममध्ये व्यायाम शिकवायचा. पुढे तो फोनवरही दिसू लागला. महिन्याभराचे व्हिडिओ तो एकाच रविवारी काढून ठेवी. दर पाच मिनिटांनी बनियन बदलायचं, तोंडावर पाणी शिंपडायचं, की झाला दुसरा दिवस. ते रोज सकाळी सहाला एकेक करून आपोआप लोकांपुढे जात. व्यायामाच्या दांड्याला लावायच्या लोखंडी चकत्यांच्या जागी त्यानं पोकळ चकत्या आणल्या होत्या, वरून काळा रंग दिलेल्या. ताईनं एक हातात तोलली.

"वीस किलो लिहिलंय. अर्धाही नाही."

"अगं, बघणाऱ्याला थोडीच उचलायचीय," धोंड्या म्हणाला आणि हसला. हसणं मात्र त्याचं खरं होतं, अगदी पोटातून.

मग एके सकाळी त्यानं आप्पांना उचलतानाचा व्हिडिओ काढला. उजेड बरोबर पडला नाही. पुन्हा पलंगावर ठेवलं, पुन्हा उचललं. असं सात वेळा झालं.

"पोतंसुद्धा एकदाच चढवायचो रे," आप्पा म्हणाले.

तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. मुलगा असावा तर असा, असं लोकांनी खाली लिहिलं.

पंधरा दिवसांनी जिमच्या मालकानं ताईला बोलावलं. काटा बिघडलाय, पण फक्त धोंड्यापुरता, म्हणाला. ताईनं वीस किलोची चार वजनं ठेवली. ऐंशी. स्वतः उभी राहिली. अठ्ठावन्न, नेहमीइतकं. धोंड्या उभा राहिला. एकसष्ट.

मागच्या महिन्यात तो ब्याण्णव होता. छाती तीच, दंड तेच, गालसुद्धा उतरले नव्हते.

"पठ्ठ्या आतून पोकळ झालाय," मालक म्हणाला. सगळे हसले. धोंड्याही हसला, पण एक क्षण उशिरानं.

त्या दिवशी जिना चढताना ताई थांबली. तिसरी पायरी धोंड्याच्या पायाखाली हटकून करकरायची, स्वयंपाकघरात कळायचं की आला. आज तो वर पोचला तरी पायरी गप्प होती.

ताईनं त्याला रोज दुकानातल्या काट्यावर उभं करायला सुरुवात केली. सहाचा व्हिडिओ गेला की वजन उतरलेलं असे. चोपन्न. सत्तेचाळीस. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली आणि विचारलं, "तुमचा काटा नीट आहे ना?" असा प्रश्न ताईला जन्मात कुणी विचारला नव्हता. घरी येऊन तिनं सगळी वजनं पुन्हा तपासली. काटा नीट होता.

एका सकाळी धोंड्या वाकला, आप्पांनी मानेभोवती हात टाकले, आणि त्यानं जोर लावला. आप्पा जागचे हलले नाहीत. धोंड्याचेच पाय जमिनीवरून सुटले आणि तो आप्पांच्या छातीवर आला.

"चादर कशाला टाकतोस?" आप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "थंडी नाही. धोंड्याला बोलव."

"आप्पा, मीच आहे."

आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

ताई त्याला बाहेर घेऊन आली. "ते सगळं काढून टाक. आजच."

"काढतो." त्याचा आवाज खाली आला होता. "उद्या फक्त एक. आप्पांना खरंच उचलतो, एकदाच, तेवढा एक जाऊ दे लोकांपुढे. मग बंद."

"लोकांपुढे कशाला?"

धोंड्यानं हातातला फोन उपडा केला, पुन्हा सुलटा केला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या आधी उठला. ती खाली दुकानाचं शटर उघडत होती. वरून काही आवाज आला नाही. चहा घेऊन ती वर गेली.

आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल नीट घातलेली.

"उचललं त्यानं," आप्पा म्हणाले. "पण हात लागले नाहीत गं त्याचे."

धोंड्या खोलीत नव्हता. जिन्यावर नव्हता. खाली यायला वाट दुकानातूनच होती, आणि दुकानात ताई होती.

पलंगावर, पायाकडच्या बाजूला, त्याचा फोन पडला होता. त्याच्याखाली गादी दबली होती, धडधाकट माणूस बसल्यावर दबते तेवढी.

ताईनं फोन उचलायला हात घातला.

तो हलला नाही.

दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही.

ती खाली गेली, चार काटे घेऊन आली. एकेक पाय जॅकनं वर घेत पलंगाच्या चारी पायांखाली तिनं ते सरकवले. चार आकड्यांची बेरीज केली. पलंगाचं वजन तिला ठाऊक होतं, गादीचंही. ते वजा केलं.

ब्याण्णव.

काढून ठेवलेले व्हिडिओ महिनाअखेरपर्यंत पुरले. लोक बघत राहिले, छान म्हणत राहिले. मग ते संपले, आणि लोक दुसरीकडे वळले. त्या दिवसापासून आकडा उतरू लागला. सत्तर. चाळीस. अकरा.

आप्पांना आता ताई आणि शेजारच्या काकू मिळून उचलतात. खुर्चीत टेकले की आप्पा खिडकीकडे बघत म्हणायचे, "धोंड्या असता तर एकट्यानं उचललं असतं." ते म्हणाले, की काटा थरथरून थोडा वर चढायचा. ताईनं ते पुन्हा पुन्हा तपासलं.

फोन आता खाली दुकानात असतो, लहान काट्यावर. तो जागचा हलवायचा झाला, तर ताई फडक्यानं उचलते, उघड्या हातानं नाही.

काल आप्पांनी तिला विचारलं, "कोण धोंड्या?"

आज सकाळी आकडा सव्वा किलो होता. त्यातले दोनशे ग्रॅम फोनचे.

म्हणून मागणं एवढंच. चित्र बघू नका, कुणाला दाखवू नका. डोळे मिटा, आणि ज्या घराच्या तिसऱ्या पायरीला त्याची चाहूल कळायची त्या घरातल्या धोंड्याला एकदा मनात आणा. पोटातून हसायचा, बापाला उचलायचा.

ताई काट्यापाशी बसली आहे.