ईटच्या माळावरची सावली

१९४३ साली आमच्या ईट गावच्या माळावरचं कॅथलिक चर्च आम्ही उतरवलं. फादर केव्हाच निघून गेले होते, आणि निजाम सरकारला कळंबला शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या लेव्हीच्या धान्यासाठी गोदाम हवं होतं. मी पाथरवट. तेव्हा मला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून दगडांवर आकड्यांऐवजी खुणा खोदल्या: नांगर, विळा, फणी. बैलगाड्यांनी दोन दिवसांच्या वाटेनं दगड कळंबला नेले आणि खुणेला खूण जुळवत चर्च जसंच्या तसं उभं केलं. वरचा क्रूस तेवढा काढला.

चैत्रात घरी आलो, तर माळावर सावली होती.

झाड नाही, भिंत नाही, आभाळात ढग नाही. मोकळ्या जोत्यावर नुसता गारवा. तिथं माझी बायको कमल पाय पसरून बसली होती. तिला सहावा महिना. आधीची दोन पोटातच गेली होती, दोन्ही सहाव्यात.

"इथलं ऊन कुठं गेलं?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तुमी दगडं नेली अन् सावली इसरलात," ती हसली. मग हळूच म्हणाली, "इथं बसलं की पोटातलं हलतंय. घरी गेलं की गप पडतंय."

मी दोरीनं सावली मोजली. लांबी बावीस हात, रुंदी बारा. चर्च तेवढंच होतं. दुपार कलली तरी सावलीची कड जागची हलली नाही. गुरंसुद्धा आत शिरायची ती दाराच्या जागेनंच.

कमलला तिथून उठवायचं धाडस मला झालं नाही.

वैशाखात कळंबहून बोलावणं आलं. गोदामात, छपराखाली, फरशीनं पाय भाजत होते. पोत्यांना हात लावता येत नव्हता. एक पोतं फोडलं, तर ज्वारी भाजल्यासारखी काळी पडलेली.

"मागची भिंत काढ," कारकून महांतप्पा म्हणाले. "वारा आत आला पायजे."

"भिंत राहू द्या, अप्पा."

"का रं? तू काय फादर झालास व्हय?"

गडी हसले. मी कारण काय सांगणार? मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्यानं घणानं पाडली असती. म्हणून मीच चढलो. एकेक दगड पोटाशी धरून खाली उतरवला. तरी दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, एक हातातून निसटला आणि फरशीवर आदळला.

मी पहार तिथंच टाकली आणि ईटची वाट धरली.

दोन दिवसांनी माळावर पोचलो. सावलीचं मागचं टोक गेलं होतं. तिथं ऊन पडलं होतं.

कमल उरलेल्या सावलीत, पुढच्या बाजूला सरकून बसली होती. तिच्या केसांत चुन्याची भुकटी होती.

"परवा दुपारी दगड पाडलात न्हवं?" ती म्हणाली. "लेकरू दचकलं."

मी कुणालाच काही कळवलं नव्हतं.

"हलतंय का?"

माझा हात धरून तिनं पोटावर ठेवला.

पोट गार होतं.

बराच वेळ काही नाही.

मग आतून टकटक झाली. दोन ठोके, थांबून एक. दगड भरीव आहे की पोकळ, ते बघायला आम्ही पाथरवट बाहेरून असंच वाजवतो.