लेपाखालचा खोकला

जवळ सरकून बसा पोरांनो, आणि दिवा बंदच राहू द्या. ज्याला लवकर ओकारी येते त्याने आत्ताच आत जाऊन झोपावं. कारण या गोष्टीत भीती आहे, पण त्याहून किळस जास्त आहे. घडली ती माझ्या साडूच्या बाबतीत. तोच, नळाचं पाणी तोंडाला लावत नाही म्हणून तुम्ही ज्याची टर उडवता.

त्याचं काम पाण्याच्या मोठ्या लोखंडी पाइपांच्या आतला लेप तपासायचं. लोखंड पाण्यात गंजतं हे तुम्हाला शाळेत शिकवलंय. पण चाळीस वर्षं गावाला पाणी पाजलेला पाइप आतून कसा दिसतो, ते कोणी दाखवत नाही. गंजाच्या गाठीच गाठी, एखाद्याच्या हिरड्या सडून सुजाव्यात तशा. त्यांच्यावर बोटभर बुळबुळीत थर. गाठ फोडली की आतून काळं पाणी गळतं आणि नाक फाटेल अशी घाण येते. रोज सकाळी चूळ भरायचं पाणी ह्यातूनच येतं.

असा पाइप अख्खा बदलायचा तर निम्मं गाव खणावं लागेल. म्हणून तो आतून खरवडतात, बारीक खडीचा जोरात मारा करून लखलखीत करतात आणि वर इपॉक्सीचा लेप मारतात. दोन डब्यांतली दोन औषधं एकत्र करायची आणि फवाऱ्याने उडवायची. सुकलं की दगड. पुढे वर्षानुवर्षं पाण्याने झिजत नाही की गंजत नाही. दोनच अटी. एक, ते मिसळलं की तासाभरात वापरून टाकायचं, नाहीतर डब्यातच त्याचा दगड होतो. दुसरी, खालचं लोखंड स्वच्छ आणि कोरडं पाहिजे. तेलकट हात जरी लागलेला असला, तरी लेप तिथे धरत नाही. फोड येतो.

तर ती शनिवारची रात्र होती. रविवारी पहाटे पाणी सोडायचं होतं. तीन आठवडे गाव टँकरवर तगलेलं, बाया कळश्या घेऊन भांडून भांडून दमलेल्या. शेवटचा तुकडा तेवढा तपासायचा राहिला होता. साडूने जेवण उरकलं, तपासणीचं यंत्र गाडीला बांधलं आणि बायकोला तासाभरात येतो म्हणून सांगून निघाला.

पंपघरात मुकादम एकटाच बसला होता. पाय मांडीवर घेऊन टाचेची मेलेली कातडी खरवडत होता, आणि तीही लेप ढवळायच्या पत्र्याच्या पट्टीने. साडूला पाहून त्याने ती पट्टी पँटला पुसली आणि जागच्या जागी ठेवून दिली. साडू म्हणतो, त्या क्षणी खरं तर माघारी फिरायला हवं होतं.

त्याने विचारलं, पेन्सिल कुठे आहे? पेन्सिल म्हणजे फवारा मारणारा कारागीर. उंच, काटकुळा, पाइपात सहज शिरेल असा. दिवसभर त्या औषधांच्या वाफेत काम करून त्याला एक खोकला जडला होता. दोनदा कोरडा, मग एक लांब, घशातलं सगळं वर ओढणारा. डोळे मिटूनही ओळखावा असा. मुकादम म्हणाला, काम सोडून गेला, गुरुवारपासून पत्ता नाही, असली माणसं अशीच. हे सांगताना तो भिंतीकडे पाहत होता.

साडूने मास्क चढवला, कपाळाला दिवा बांधला आणि चाकांच्या फळीवर पालथा पडून पाइपात शिरला. आत जेमतेम रांगता येईल एवढी जागा. त्याच्या यंत्राला पुढे तांब्याच्या तारांचा कुंचला असतो, त्यात वीज खेळवलेली. तो लेपावरून फिरवत जायचं. सुईएवढं जरी भोक राहिलं असेल तरी ठिणगी उडते आणि यंत्र टरटरतं. सुरुवातीला यंत्र गप्प होतं. राखाडी लेप, आरशासारखा. साडूला बरं वाटलं. त्याची लेक तेव्हा तीन वर्षांची होती. तीही हेच पाणी पिणार होती.

मग यंत्र टरटरलं.

समोर तळाला एक फोड होता, तळहाताएवढा. त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. मऊ लागला. आणि गरम. लेप सुकताना थोडा तापतो, पण हा सुकून दोन दिवस झाले होते. पुढे आणखी एक फोड, मग चार, मग मोजता येऊ नयेत इतके. भाजलेल्या अंगावर यावेत तसे, एकमेकांत मिसळलेले.

त्याने चाकूचं टोक लावलं. फोड फुटला आणि पिवळसर, दाट, तारा सुटणारं काहीतरी चाकूवरून त्याच्या मनगटावर आलं. वास मास्कमधून आत शिरला. औषधाचा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीचा वास. न धुतलेल्या तोंडाचा. त्या चिकट घाणीत एक लांब केस होता. तो त्याच्या बोटाला गुंडाळला गेला होता, आणि झटकला तरी सुटेना.

साडूला ओकारी आली. मास्कमध्येच. स्वतःचं ओकलेलं गालाला लागलेलं, तसाच तो मागे सरकायला लागला.

फळी हलेना.

त्याने कुंचला लेपावरून उचलून धरला. तरी यंत्र टरटरत होतं. बटण बंद केलं. तरीही…

मग ते आपोआप थांबलं.

आता सगळं शांत. त्याने श्वास रोखला. छातीखालची फळी हळूच वर उचलली गेली. खाली गेली. पुन्हा वर… पुन्हा खाली.

खालचा लेप श्वास घेत होता.

साडूच्या तोंडून जेमतेम निघालं, "कोण आहे?"

नुसतं वर. खाली.

आणि मग खोकला. दोनदा कोरडा.

मग एक लांब.

त्याच्या पोटाच्या खाली. लेपाच्या आतून.

तो बाहेर कसा आला ते त्याला आजही सांगता येत नाही. गुडघे सोलवटले होते, एक बूट आतच राहिला होता. पंपघराच्या फरशीवर तो बराच वेळ ओकत होता. मुकादम पाणी घेऊन आला आणि म्हणाला, एवढं काही नाही साहेब, एखाददुसरा फोड चालायचा, पहाटे पाणी सोडलं की कोण बघतंय.

तेवढ्यात पाइपाच्या तोंडातून तो खोकला पुन्हा आला. या वेळी दोघांनी ऐकला. मुकादमाच्या हातातला तांब्या खाली पडला आणि तो भिंतीला टेकून बसला.

मग मुकादमाने घडलेलं सगळं ओकलं. गुरुवारी डिझेल वाचवायला ठेकेदाराने आत हवा सोडणारा पंखा बंद ठेवायला लावला होता. पेन्सिल वाफेने आतच कोसळला. बाहेर ओढला तेव्हा संपलेला होता. ठेकेदार फोनवर म्हणाला, बोभाटा नको. मुकादमाने बाकीच्या माणसांना सुट्टी दिली, पेन्सिलला डोक्यापासून पायांपर्यंत ताडपत्रीत गुंडाळलं, दोरीने करकचून बांधलं आणि पाइपाखाली कामासाठी खणलेल्या खड्ड्यातच पुरलं. वर खडी ओतली.

साडूने एवढंच विचारलं, "तो आत पडला होता, ती जागा धुतली तरी होती का?"

मुकादम म्हणाला, "नाही साहेब. औषध मिसळून तयार होतं. वाया गेलं असतं."

आणि वाया जाऊ नये म्हणून मुकादमाने स्वतःच्या हाताने ते आत फवारलं होतं. मेलेल्या माणसाची थुंकी, ओकारी, केस, सगळ्यावरून. तेही गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या पाइपात. साडू म्हणतो, त्या लेपावर झोपलो तेव्हा भीती वाटली होती, पण या माणसासमोर बसवेना. त्याच्या तोंडाचा वास येत होता, तोही सहन होईना. तो बाहेर अंधारात जाऊन उभा राहिला आणि तिथूनच त्याने पोलिसांना फोन लावला. ठेकेदाराचे फोनवर फोन येत होते. त्याने एकही घेतला नाही.

पहाटे पाणी सोडलं नाही. गावाने शिव्या घातल्या, आणि दुपारी खड्डा उकरल्यावर गावाची बोलती बंद झाली. पेन्सिलची बायको आली होती. ती रडली नाही. ताडपत्री सोडायच्या आधी तिने हात लावून प्रत्येक गाठ पाहिली, एकही सैल झालेली नव्हती, आणि मग एकटीनेच सोडली. मुकादम आणि ठेकेदार दोघेही आत गेले. पाइपाचा तो तुकडा कापून काढला, नवा बसवला, आणि गावाला पाणी आलं.

कापलेला तुकडा पुरावा म्हणून पोलिसांच्या आवारात उघड्यावर पडला होता. साडूला एकदा जबाबासाठी तिकडे जावं लागलं, तेव्हा एका हवालदाराने त्याला हाताला धरून नेलं आणि पाइपाची खालची बाजू दाखवली. बाहेरची बाजू बरं का. तिला लेप कधीच नव्हता, चाळीस वर्षं मातीत पडून तिचे पोपडे सुटले होते. त्या गंजाच्या मधोमध, जो भाग बरोबर खड्ड्याच्या वर यायचा त्या जागी, एक पंजा उमटला होता. लांबसडक बोटांचा. आणि तेवढ्या जागेत गंजाचा ठिपका नव्हता. लोखंड नव्या भांड्यासारखं चमकत होतं.

दोन पावसाळे तो तुकडा तिथे भिजतोय. बाकीच्या लोखंडाला हात लावला की भुगा होतो.

पंजा तसाच आहे.