होडीतला पाठमोरा

बाळकुमच्या आमच्या विठ्ठलमंदिरात एक चित्र आहे. स्वातंत्र्याआधी हंगेरीचा एक चित्रकार इथे खाडीवर येऊन राहिला होता. कोळ्यांची, होड्यांची चित्रं काढायचा. मायदेशी जाऊन त्याने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि एक छाप देवाला पाठवला. काळ्या शाईतली खाडी, एक होडी, आणि आपल्याकडे पाठ करून वल्ही मारत लांब निघालेली माणसं. मी जन्मभर ठाण्यात छपाईचे ब्लॉक बनवले. त्यामुळे कीर्तन रंगात आलं तरी माझी नजर कधीकधी त्या रेघांवर जाते. पांडुरंग क्षमा करो.

सत्त्याऐंशी सालचा श्रावणातला सप्ताह. दामाजी कोळ्याचा मुलगा नामा खाडीत गेला तो परतला नव्हता. होडी सापडली, नामा नाही. सप्ताह उरकला की त्याचे दिवस घालायचे, असं दामाजीने ठरवलं. सून मालू मात्र कुंकू पुसायला तयार नव्हती.

बुक्का लावायचं काम माझं. कपाळाला बुक्का लागला की माणूस कीर्तनात बसला, असं आम्ही धरतो. पहिल्या संध्याकाळी मालू बुवांकडे पाठ करून चित्रासमोर बसलेली. होडीच्या मागच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाली,

"काका, यांना पण लावा."

मी म्हटलं, अगं, हे चित्र नामाच्या जन्माआधीचं. तर म्हणते कशी, खांदे माझ्या ओळखीचे आहेत. पोरीचं मन कुठे मोडायचं? त्या पाठमोऱ्या डोक्यावर, काचेवरच बोट टेकवलं. काच ओली लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचा कान दिसला.

मी काच पुसली, चष्मा पुसला. पत्र्यावर आम्लाने खाल्लेली रेघ हलत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. बुवांना दाखवलं, तर ते हसून म्हणाले, काका, जरा अभंगाकडेही लक्ष असू द्या. मालू रोज यायची आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायची. घरी या, मामंजी तुमचे दिवस घालतायत. रोज थोडा गाल, मग नाक. मंडपात खाडीच्या चिखलाचा वास येऊ लागला. दामाजीने एकदाच वर पाहिलं, आणि तेव्हापासून तो खांबाच्या आड बसायला लागला.

काल्याच्या सकाळी लख्ख ऊन होतं. हंडी फुटली, पोरंटोरं दह्यावर तुटून पडली. मालू उठून चित्राजवळ गेली. मीही मागोमाग गेलो.

चेहरा पुरता वळला होता.

मालू बराच वेळ बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "हे ते नाहीत."

मग पदराने तिने स्वतःच कुंकू पुसलं. दामाजीजवळ जाऊन म्हणाली, मामंजी, करा दिवस. म्हातारा खांबाला धरून रडला.

मी तिथेच उभा होतो.

चित्रातला माणूस माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर दाराकडे होती.

तिथे मालू वाकून चपला घालत होती.