पाळण्यातलं नाव कसं फुटलं?

चंद्रावरच्या आमच्या वस्तीत पाळणा फार सावकाश हलतो. गुरुत्वाकर्षण (खाली ओढणारं बळ) सहापट कमी, त्यामुळे एका झोक्यात माझा अख्खा कप चहा पिऊन होतो. खोटं वाटत असेल तर या एकदा कप घेऊन.

तर, माझ्या नातवाच्या बारशाला एक दिवस उरला होता आणि त्याचं नाव सगळ्या वस्तीला आधीच कळलं होतं. बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचा मान आत्याचा. आता सांगायला उरलं काय? प्राजक्ताआत्या, म्हणजे माझी लेक, गाल फुगवून बसली.

संशय आला पाळणा हलवणाऱ्या यंत्रमानवावर. त्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, सात-नऊ. खासगी माहिती फुटली की वस्तीच्या कार्यालयात इंग्रजीतून अर्ज भरावा लागतो. त्यात ‘लीक’ लिहिलं की यंत्रमानवाची स्मृती कायमची पुसतात. माझी आठ वर्षांची नात मुक्ता रडकुंडीला आली. तिचं पहिलं पाऊल, पहिला पडलेला दात, सगळं त्या स्मृतीत होतं.

मी म्हटलं, शब्द मागाहून, आधी घडलं काय ते कळू दे. सात-नऊनं सांगितलं, बाळ रडत होतं म्हणून अंगाई म्हटली, तिच्यात नाव येऊन गेलं आणि वस्तीचा ध्वनिक्षेपक (आवाज दूर नेणारं यंत्र) चालूच राहिला होता.

“मग हे लीक नव्हे,” मी म्हणालो. “लीक करणारा गुपित जाणूनबुजून, चोरून बाहेर पुरवतो. नकळत तोंडून निसटलं, तर ते ‘लेट स्लिप’.”

“पण याला नाव सांगितलं कोणी?” आत्यानं विचारलं.

मुक्ता गप्प राहिली असती तरी चाललं असतं, पण ती पुढे आली.

“मी. तू मला विश्वासानं सांगितलंस आणि मी याला.”

विश्वासानं गुपित सांगणं म्हणजे ‘कन्फाइड’, आणि लपलेलं असं स्वतःहून उघड करणं म्हणजे ‘डिस्क्लोज’, मी हळूच म्हटलं. आत्यानं तिला जवळ ओढलं. “पोटात काही राहत नाही गं तुझ्या. आजोबांवर गेलीस.”

अर्जात ‘लेट स्लिप’ लिहिलं आणि सात-नऊची स्मृती वाचली. बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र झालं. मग आत्या सात-नऊकडे वळली आणि त्याच्याही कानाशी वाकली. त्याचे दिवे लखलखले.

मी त्याला उंची तेलाची लालूच दाखवून विचारलं, काय नाव ठेवलं रे तुझं?

“आजोबा,” तो म्हणाला, “ते मला कन्फाइड केलंय.”